चारोळीचा बिल्ला

डुकराला मान नसते, हे मला इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही माहीत नव्हतं. शास्त्राप्रमाणे असते म्हणा. पण पट्टा बांधायला लागते तशी नसते. डोकं पुढे निमुळतं आणि मान डोक्यापेक्षा जाड. पट्टा घातला की तो कानांवरून सरकत नाकाशी येतो आणि डुक्कर तो खाऊन टाकतं. चामड्याचा खाल्ला, नायलॉनचा खाल्ला. नूतनने जुन्या साडीची पट्टी विणून घातली, ती तर आवडीने खाल्ली.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या अध्येमध्ये, धानाच्या बांध्यांत आहे, एवढं पुरे. नगरपंचायतीत माझ्या घराच्या नकाशाचं काम अजून अडकलेलं आहे, उगाच कोणाला नाराज करायचं नाही.

मी अश्वजित खोब्रागडे, इथल्या हायस्कूलला विज्ञान शिकवतो. बायको नूतन जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि ते पद ती घरी येताना शाळेत ठेवून येत नाही. मुलगी खुशबू पुण्याला नोकरी करते. तिनेच एका सुट्टीत टोपलीतून ते काळंभोर पिल्लू आणलं. एक पाय पांढरा, बाकी सगळं डांबर. म्हणाली, "बाबा, हे मिनी डुक्कर आहे. विकणारा म्हणे, मोठं झालं तरी मांडीवर मावते. आमच्या सोसायटीवाल्यांनी काढायला लावलं. आठच दिवस ठेवा." मुलं आई-वडिलांकडे वस्तू आठच दिवस ठेवतात. तिची सायकल, गिटार आणि एक ट्रेडमिल अशीच आठ दिवसांसाठी आमच्या मागच्या खोलीत आहेत.

इवलंसं होतं म्हणून नाव चारोळी ठेवलं. आता ती अर्ध्या धानाच्या पोत्याएवढी आहे. मांडीवर मावते, पण मग मांडी दिसत नाही.

आता खरं सांगतो. मला ती नको होती. नूतनला तर मुळीच नको होती, आणि तिचं कारण माझ्यापेक्षा मोठं होतं. "तुमच्या बाबांनी पै पै जोडून या लेआउटमध्ये घर बांधलं," ती म्हणाली, "लोकांनी आपल्याकडे बोट दाखवू नाई म्हणून. अन् तुम्ही अंगणात डुक्कर बांधून राह्यले." बाबा रोज इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे, बाजारातून भाजी आणायलासुद्धा. त्यांच्या अंगणात डुक्कर, हा विचार मलाही टोचत होता.

पण चारोळीने माझा घात केला तो कुतूहलाने. आमच्या शाळेत मी आरसा हा धडा दर वर्षी शिकवतो. प्रतिमा आरशाच्या मागे आभासी असते, हे सांगताना पोरं खिडकीबाहेर बघतात. एका रविवारी मी सहज आरसा भिंतीला टेकवला आणि त्यात दिसेल असा उकडलेला बटाटा चारोळीच्या मागे, कपाटाआड ठेवला. तिने आरशात पाहिलं. जवळ जाऊन काचेला नाक लावलं, मागे डोकावून भिंत पाहिली, थोडा विचार केला आणि वळून सरळ कपाटाआड गेली. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझ्या धड्याचा असा उपयोग केला नव्हता. त्या दिवसापासून मी संध्याकाळी तिच्याशी बोलायला लागलो. ध्वनी, उत्प्लावन, विद्युतधारा. ती कान उभे करून ऐकायची. घरात माझं बोलणं संपेपर्यंत बसणारं दुसरं कोणी नव्हतं.

हे असंच चाललं असतं. पण शेजारी लटारूभाऊ ठेंगरी यांच्या परसात सुरण होता.

लटारूभाऊंचा सुरण म्हणजे साधी गोष्ट नव्हे. गावात लग्न असो की तेरवी, गड्डा त्यांच्याकडून जातो. चारोळीने कुंपणाखालून वाट काढली आणि ओळीने सगळे गड्डे उकरून चाखले. सुरणाने घसा खाजतो हे तिला प्रत्येक गड्ड्याला नव्याने कळत होतं, तरी पुढचा वेगळा असेल अशी तिला आशा होती. वैज्ञानिक वृत्ती यालाच म्हणतात, पण हे लटारूभाऊंना सांगण्याची ती वेळ नव्हती.

"खोब्रागडे सर," ते फाटकात येऊन म्हणाले, "तुम्ही शिकले-सवरले माणसं. हे काय लावलं?" मी माफी मागितली, नवीन गड्डे देतो म्हटलं. ते शांतही झाले होते. पण जाता जाता म्हणाले, "नाई, म्हणजे तुमच्या लोकायले चालते म्हणा हे सारं. आमची काई ना नाई."

नूतन ओसरीत वह्या तपासत होती. तिने लाल पेन बाजूला ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "लटारूभाऊ, तुमची म्हैस रोज आमच्या फाटकापाशी शेण टाकते. आम्ही कधी तुमच्या लोकायचं काई काढलं नाई. सुरणाचं भरून देऊ. पण आता चारोळी इथून जाणार नाई. इथीच राह्यल, कायद्याने राह्यल." मग पुन्हा पेन उचललं. बिचाऱ्या त्या पोरांचे त्या दिवशी गुण फार गेले.

लटारूभाऊंनी तक्रार केली. नगरपंचायतीने त्याच सुमारास मोकाट डुकरं पकडायला बाहेरगावचा ठेकेदार बोलावलेला होता. ज्या डुकराची नोंद नाही ते मोकाट, मग ते अंगणात असो की गादीवर, अशी नोटीस आमच्या दारावर चिकटली. पुढच्या सोमवारी जाळीची गाडी येणार होती. नेलेल्या डुकराचं पुढे काय होतं, हे ठेकेदाराला कोणी विचारत नाही.

मी नगरपंचायतीत गेलो. तिथे चंदन बाबू बसतात. माझाच विद्यार्थी, त्यामुळे खुर्ची मिळाली. पाळीव प्राण्यांची नोंद तेच करतात आणि नंबरचा पितळी बिल्ला देतात. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "सर, पाहा. यादीत दोनच हायेत. कुत्रा अन् कुत्री. तिसरं काई येतच नाई." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "कुत्री म्हणून टाकून देऊ का? चार पाय हायेत, शेपूट हाय. कोण पाह्यते?"

इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. नूतन आजही म्हणते, की त्या क्षणी कोणत्याही शहाण्या माणसाने हो म्हटलं असतं. पण मी म्हणालो, "चंदन, मी तुला सजीवांचं वर्गीकरण शिकवलं आहे. डुक्कर समखुरी गणातलं. कुत्रा मांसभक्षी गणातला. मी खोटी नोंद करणार नाही." चंदन बाबूंनी हात जोडले आणि म्हणाले, मग सर, पशुसंवर्धनवाल्यांचं पत्र आणा, की हे पाळीव आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चारोळीला छान तपासलं. तब्येत उत्तम म्हणाल्या. पण डुक्कर त्यांच्या कागदांत वराहपालन या सदरात होतं. "कळप दाखवा, योजना देते," त्या म्हणाल्या. "एकटं डुक्कर म्हणजे प्रकल्प होत नाई सर. शिवाय तुमचं हे काळं हाय. रानडुक्कर नाई, असं फॉरेस्टवाल्यायकडून आणा."

वनविभागाच्या कचेरीत मी चारोळीला घेऊनच गेलो. आमच्या जिल्ह्यात रानडुक्कर पाळणं म्हणजे तुरुंगाची वाट, त्यामुळे मी आधीच घामाघूम होतो. साहेबांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. चारोळी त्यांच्या बुटाची नाडी सोडत होती. "आमचं नाई," साहेब म्हणाले. "आमचं असतं त तुम्ही आता आत असते."

"तेवढंच लिहून द्या ना, की तुमचं नाही."

"सर, जे आमचं नाई त्याचं पत्र आम्ही कायले देऊ? आज डुकराचं दिलं, उद्या लोकं म्हशीचं मागतील."

त्यात तथ्य होतं. असं झालं, की चारोळी रानटी नव्हती, प्रकल्प नव्हती आणि पाळीवही नव्हती. कायद्याच्या दृष्टीने माझ्या ओसरीत कोणीच झोपलेलं नव्हतं. फक्त जाळीवाल्याला ती दिसणार होती.

मी मग चळवळ सुरू केली. लघुवराह पाळीव मान्यता समिती. अध्यक्ष मी. सभासद मिळेनात. निवेदन घेऊन पानठेल्यावर उभा राहिलो, तर सही कोणी करेना, सल्ला मात्र प्रत्येकाने दिला. कोणी म्हणे मंत्र्याला भेटा, कोणी म्हणे पांढरा रंग मारा आणि शेळी म्हणा. एका गृहस्थांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "पण सर, मटण केव्हा हाय?"

शाळेत गणिताच्या करिश्मा आत्राम मॅडम आहेत. त्या आलापल्लीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावच्या. स्टाफरूममध्ये मला डोकं धरून बसलेला पाहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि इतक्या हसल्या की चहा सांडला. "सर, तुमच्या इथे पद्दीले नोंद लागते? आमच्याकडे पद्दी अंगणातच राह्यते, कोणी विचारत नाई." पद्दी म्हणजे गोंडीत डुक्कर. मग त्या जरा गंभीर झाल्या. "आमच्या ग्रामसभेत मांडता का? आमची ग्रामसभा ठराव करते, त्याले सायब लोक मानतात. मानावंच लागते, जंगलातल्या गावाले कायद्याने तो हक्क हाय. रविवारी पंडुम हाय, सण हाय आमचा. सारं गाव असते. मीबी येतो गावाले."

रविवार म्हणजे जाळीच्या आदल्या दिवशी. दुसरा काही मार्गच उरला नव्हता.

आता चूक कोणाची, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझं म्हणणं, नूतनची. छाप पडावी म्हणून तिने चारोळीला शिकेकाईने न्हाऊ घातलं, अंगाला खोबरेल चोळलं, आणि झेंडूचा हार घातला. मान नसल्यामुळे तो पोटाला बांधला. कपाळाला कुंकू नको म्हणून मी अडवलं, तर हळद लावली. नूतनचं म्हणणं, तो हार मी आणला. तेही खरं आहे.

जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर चारोळी बसली आणि खिडकीतून बाहेर नाक काढून मागे जाणारी प्रत्येक गोष्ट हुंगत राहिली. सागाचं जंगल लागलं तसं तिने नाक फुलवून असा श्वास घेतला, की मला पहिल्यांदाच भीती वाटली, हिला इथेच राहावंसं वाटलं तर. लाकूड तपासणीच्या नाक्यावर गार्डने डिकी उघडायला लावली, सागाची फळी शोधली आणि मागच्या सीटवर हार घातलेली चारोळी पाहून मला म्हणाला, "कोणाकडे कार्यक्रम हाय, सर?" मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "ग्रामसभेत." त्याने लगेच आडवा बांबू उचलला.

गावात ढोल वाजत होते. पोचूदादा नावाचे वयस्क गृहस्थ पुढे आले, जोहार केला, चारोळीला आधी पाहिलं आणि मग मला मिठी मारली. "लय चांगलं केलं सर. शहरातून पाहुणा येते अन् रिकाम्या हाताने येते. तुम्ही तसे नाई आले." बायका येऊन चारोळीच्या पाठीवर हात फिरवू लागल्या, एकीने तर बोटांनी बरगड्या दाबून पाहिल्या. मला वाटलं, किती प्रेमळ लोक. पोचूदादा म्हणाले, "थोडं लहान हाय, पण."

"लहान आहे म्हणूनच तर आलो," मी म्हणालो. "लहानांना न्याय मिळायला हवा."

"मिळते ना. आज साऱ्यायले मिळते," पोचूदादा म्हणाले आणि कोणालातरी मोठं गंज चुलीवर चढवायला सांगितलं.

नूतन माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या गंजात चहा करतात का?" मी म्हटलं, गाव मोठं आहे. तेवढ्यात करिश्मा मॅडम नदीकडून आल्या, त्यांनी हार पाहिला, हळद पाहिली, गंज पाहिलं आणि आमच्याकडे अशा धावत आल्या, की पंडुमचे ढोलवाले वाजवायचे थांबले. गोंडीत त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. पण पोचूदादांचा चेहरा पडला, आणि मग सगळं गाव हसायला लागलं. नूतन चारोळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली मातीत बसली होती. तिने कोणालाच हात लावू दिला नाही. हार मात्र चारोळीने तोवर खाल्ला होता.

ग्रामसभा गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसली. त्यांच्याकडे मतदान नसतं. एकाचंही मन नसेल तर ठराव होत नाही, परत बोलायचं, सगळ्यांना पटेपर्यंत. आमच्या शिक्षकांच्या सोसायटीची सभा आठवून मला घाम फुटला. मी उभा राहून पाळीव प्राणी या विषयावर बोललो. लोकांनी ऐकून घेतलं आणि मग प्रश्न विचारले. असे प्रश्न मला कोणत्याच कचेरीत कोणी विचारले नव्हते.

"हे राखण करते का?"

"नाही. चोर आला तर त्याच्या खिशात काय आहे ते बघेल."

"दूध?"

"नाही."

"मंग खायचं नाई, तर तुमच्याकडे हे करते काय?"

मी तयारी करून आलो होतो. पण तिथे ते भाषण आठवेना. म्हणालो, "मी बोलतो तेव्हा ती ऐकते. तिला सगळं जाणून घ्यायचं असतं. माझ्या घरात, माझ्या शाळेत, असं दुसरं कोणी नाही. उद्या तिला नेलं तर मी संध्याकाळी कोणाशी बोलू?" नूतनने माझ्याकडे पाहिलं. असं मी तिच्यासमोर कधी बोललो नव्हतो, आणि आता मागे घेण्यासारखंही नव्हतं.

हो, हो, करत एकेक जण मान डोलवायला लागला. राहिली मंगलीबाई. कोपऱ्यात बसलेली, खूप म्हातारी. तिने नाही म्हटलं. सगळे थांबले. चारोळी माझ्यापासून उठून तिच्याकडे गेली होती आणि तिच्या पदराची गाठ सोडवण्याचा प्रयत्न करत होती. मंगलीबाईने तिला ढकललं नाही. गोंडीत सावकाश काहीतरी सांगितलं. करिश्मा मॅडम ओठ चावत माझ्याकडे वळल्या.

"सर, ती म्हणते, ठराव खोटा हाय. मास्तरने पद्दी पाळली, असं लिहू नका. पद्दीले जंगलात सोडलं, त ती आपली आपण जगते. कंद काढते, पाणी शोधते. या मास्तरले सोडलं त हा कोणाशी बोलू, कोणाशी बोलू, करत बसते. पाळलं कोणी कोणाले, तेवढं बरोबर लिहा. मंग माझं हो हाय."

गावाने विचार केला. माझ्याकडे पाहिलं, चारोळीकडे पाहिलं. मग एकमत झालं. एवढ्या पटकन झालं, की मला थोडं वाईट वाटलं.

सोमवारी गल्लीत जाळीची गाडी उभी होती. चंदन बाबू यादी घेऊन आले होते, लटारूभाऊ त्यांच्या दारात, आणि उरलेली गल्ली आपापल्या गच्चीवर. मी ठराव पुढे केला. चंदन बाबूंनी मोठ्याने वाचला: चारोळी नावाची पद्दी ही आमच्या गावाची आहे. ती सध्या खोब्रागडे मास्तर यांच्या घरी राहते. सदर मास्तर तिने पाळलेले आहेत, त्यांची ती नीट काळजी घेते. दर पंडुमला दोघांनी गावात येऊन तोंड दाखवावे.

गच्चीवर हसू फुटलं. लटारूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नूतनकडे, आणि घरात निघून गेले. थोड्या वेळाने परत आले तेव्हा हातात सुरणाचा गड्डा होता. "हा तिने अर्धाच खाल्ला होता," ते म्हणाले. "आता त पाहुणीच हाय." नूतनने तो घेतला. शिजवून देते म्हणाली, कच्चा नको.

चंदन बाबूंनी नगरपंचायतीच्या साहेबांना फोन लावला. गडचिरोलीकडच्या ग्रामसभेचा ठराव, एवढं ऐकल्यावर त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. त्या ठरावांपुढे भल्याभल्यांच्या गाड्या जंगलातून परत फिरल्या आहेत, हे साहेबांनाही माहीत असावं. मग पलीकडून एवढंच आलं, "ठरावात जसं हाय, तसंच करा." जाळीची गाडी निघून गेली.

ठरावात जसं होतं तसंच करायचं, म्हणून आम्ही नगरपंचायतीत जाऊन बसलो. मालकाच्या जागी चंदन बाबूंनी चारोळी लिहिलं. पाळीव प्राण्याच्या जागी अश्वजित खोब्रागडे. मग त्यांचा हात थांबला. यादीत अजूनही दोनच नावं होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला.

"सर," ते म्हणाले, "वर्गीकरणाचं माहीत हाय मले. पण यात कुत्रा टाकू का?"

टेबलाखाली चारोळी माझ्या चपलेचा बंद सोडत होती. बिल्ला तिच्या गळ्यात तसाही राहिला नसता.

मी म्हटलं, टाक.